डुक्कर फियाटमधून तंबोरा

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीत भोपळ्याची गाडी होते. आमच्या बाबतीत भोपळाच गाडीत बसला, आणि त्याला बसवता बसवता आम्हा दोघा पिकल्या केसांच्या माणसांना मिरजेच्या गल्लीत ऐन थंडीत घाम फुटला. जानेवारी २०२४ मधली ही हकीकत.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. नोकरीची बरीचशी वर्षे भीमाकाठच्या गावांतून फिरण्यात गेली. मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या भागात पूर्वीपासून काही शेतकरी एक वेगळेच पीक घेतात. ते पीक म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा. खायला कडू, जनावर तोंड लावत नाही, बाजार समितीत त्याचा लिलाव नाही. पण मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचा आवाज घुमतो तो या भोपळ्याच्या पोटात.

आमचे तात्या त्यांपैकीच एक. वय पंचाहत्तरच्या पुढे. बेगमपूरच्या बाजूला नदीकाठी त्यांचे रान. वडिलांच्या वेळेपासून बांधाकडेच्या पट्टीत हा वेल असायचा. तात्यांची भोपळा राखण्याची रीत पाहण्यासारखी. वेल जमिनीवर सोडायचा, एका वेलावर मोजकीच फळे ठेवायची, बाकीची कोवळी असतानाच खुडायची. राहिलेल्या फळाखाली उसाच्या पाचटाची गादी करायची, म्हणजे ओल लागून बूड कुजत नाही. फळ एका अंगावर कलंडले तर तो आकार कायमचा राहतो, म्हणून अधूनमधून हलक्या हाताने ते नीट बसवायचे. मग वेल पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहायची. घाईने तोडलेल्या भोपळ्याचे कवच मऊ राहते आणि सुकताना सुरकुतते. एवढे करून एखाददुसराच भोपळा मोठ्या तंबोऱ्याच्या मापाचा निघतो.

आता एक कबुली देतो. हे पीक बंद करा असे तात्यांना मीच सांगितले होते. कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. उजनीचे पाणी आल्यापासून आमच्याकडे उसाचे गणित सोपे झाले. कारखान्याची टोळी येते, तोडून नेते. भोपळ्याला मात्र आठ-दहा महिने जीव लावा, आणि एक गारपीट झाली की सगळे फुकट. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला. तात्यांचे भोपळे वेलासकट वाहून गेले. घराच्या आढ्याला टांगलेला एक वाळका भोपळा तेवढा राहिला. त्यातले बी २०२१ च्या पावसाळ्यात टोकले, आणि २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक भोपळा असा आला, की दोन्ही हातांच्या कवेत मावेना.

योग असा, की त्याच सुमारास गावच्या भजनी मंडळाचा तंबोरा मोडला. दुरुस्तीहून परत येताना तो कोणाच्या तरी टेम्पोत, पोत्यांच्या थप्पीवर आडवा टाकून आणला होता. वाटेत थप्पी सरकली आणि दांडी गळ्यापाशी तुटली, भोपळ्याला उभी भेग गेली. मंडळाच्या बुवांनी तो तसाच देवळाच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. नव्यासाठी वर्गणी जमायला दीड वर्ष लागले. तात्यांनी वर्गणी दिली नाही, भोपळा दिला. नुसता दिला नाही, तर कोवळा असतानाच त्याच्या बुडाशी बाभळीच्या काट्याने एक छोटा त्रिशूळ ओरखडून ठेवला होता. फळ वाढते तशी ती खूणही वाढते आणि कवचात पक्की होते.

“सायेब, जन्मभर भोपळं धाडलं मिरजंला,” तात्या मला म्हणाले, “पण माझा भोपळा वाजतो कसा, ते काय ऐकलं न्हाई कधी.”

या वाक्यानंतर माझ्या कागदावरच्या हिशेबाचे काय झाले ते विचारू नका. तंबोरा सुखरूप आणण्याचे काम मी अंगावर घेतले.

मिरजेला ही वाद्ये कशी होऊ लागली, तोही इतिहास मजेचा आहे. तिथले शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रे घडवणारे कारागीर. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम बसले, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या हुन्नरी माणसांनी वाद्यदुरुस्तीतून वाद्यनिर्मिती सुरू केली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, गवयांची ये-जा वाढली आणि सतारमेकरांची गल्ली देशभर प्रसिद्ध झाली. भोपळा आमच्या भीमाकाठचा, दांडी तुनीच्या लाकडाची, आणि हात मिरजेचे.

आमच्या तंबोऱ्याचे काम ज्या कारागिरांकडे होते, त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. त्यांचा निरोप आला, की माल तयार आहे, पण न्यायला येताना नीट गाडी आणा. सप्ताह तीन दिवसांवर आलेला. माझ्याकडे मोटारसायकल. एसटीत पाच फुटांचा तंबोरा गर्दीतून न्यायचा म्हणजे दर थांब्याला काळजी. टेम्पोचे नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा आमचे स्नेही, सांगोल्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक, मास्तर, पुढे झाले. “आपली गाडी आहे की!” म्हणाले.

मास्तरांची गाडी म्हणजे डुक्कर फियाट. जुन्या मंडळींना लगेच आठवेल. १९५४ पासून मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० जुळवू लागले. तिचे ते पाठीकडून गोल उतरलेले अंग आणि पुढचे नाक पाहून लोकांनी तिला हे नाव ठेवले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, आणि पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला आणि उघडतात पुढच्या बाजूने. मास्तरांनी ही गाडी एका भंगाराच्या वखारीतून सोडवून आणलेली. मूळचे पुढचे बाक त्यांना मिळाले नाही, म्हणून दोन सुट्या सीटा बसवलेल्या. त्या सुट्या सीटांनीच पुढे आमची लाज राखली.

सकाळी आठला आम्ही चाचांच्या दारात. तंबोरा पाहिला आणि माझी छाती दडपली. भोपळ्याला लाखेची तकाकी, कडेने पांढऱ्या नक्षीच्या पानांची वेलबुट्टी, उंची पाच फुटांच्या वर. मास्तरांनी टेपने गाडी आतून मोजली. आडवी रुंदी चार फुटांच्या आसपास. म्हणजे मागच्या सीटवर आडवा बसणे शक्य नाही. उभा करावा तर टप आडवे येते. तिरपा करून पाहिला तर खुंट्या काचेला टेकल्या.

“मागची काच काढू का?” मास्तर म्हणाले. चाचांनी कपाळाला हात लावला.

शेवटी पाना आणला आणि डावीकडची पुढची सीट बोल्ट काढून बाहेर घेतली. मागच्या बाकाची गादी उचलून काढली. ती नुसती अडकवलेली असते, दोन हातांनी वर ओढली की निघते. आता डाव्या बाजूला मागपासून डॅशबोर्डापर्यंत एक लांब बोळ तयार झाला. भोपळा आधी की दांडी आधी, यावर गल्लीतल्या सगळ्यांनी मत दिले. भोपळा आधी घालून पाहिला, तो वळेना. मग दांडी पुढे करून मागच्या दाराने तिरपी आत सरकवली. मास्तर पुढच्या उलट्या दारासमोर वाकून उभे राहिले, आणि ते दार पुढून उघडत असल्यामुळे दांडीचे टोक त्यांना नीट हातात घेता आले. साध्या दाराची गाडी असती तर मधे दाराचाच अडसर झाला असता. भोपळा मागे, खुंट्या पुढे. घरात तेल घातलेला बैल गोठ्यात घ्यावा तसा तो हळूहळू आत गेला.

आता खरे काम पुढेच होते. गोल भोपळा सपाट पत्र्यावर ठेवला तर तो लोळणारच. चाचांनी बायकोला हाक मारली. त्या माउलीने जुन्या लुगड्याची जाडजूड चुंबळ वळून आणली. आपल्या बायका डोक्यावर घागर ठेवायला वळतात तीच. चुंबळीवर भोपळा असा बसला, की हलवला तरी डुलतो, पण सरकत नाही. खाली वाकळेच्या चार घड्या, बाजूंना दोन उशा. दांडीखाली गळ्याजवळ एक घडी आणि टोकाशी एक. चाचा पुन्हा पुन्हा बजावत होते, “भोपळा आणि दांडी जुळतात तो गळा अधांतरी राहता कामा नये. मोडतो तो तिथंच.” दोरीने बांधायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. दोरी करकचली की गाडीचा प्रत्येक दणका थेट लाकडात उतरतो. मागच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत मी पोत्याच्या घडीवर बसायचे आणि भोपळ्यावर हात ठेवायचा, हीच दोरी.

तारांचेही शास्त्र होते. चारी तारा त्यांनी थोड्या उतरवल्या, पण पूर्ण सोडल्या नाहीत. या तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबानेच जागेवर उभी होती. तारा सैल पडल्या तर घोडी सरकते आणि जवारीची सगळी मेहनत वाया जाते. तरी सावधगिरी म्हणून घोडीच्या चारी कोपऱ्यांना तबलीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्या. शेवटची ताकीद उन्हाची. “बंद गाडी उन्हात उभी करू नका. आतला सरस मऊ पडला तर जोड उघडेल.” निघताना चाचांनी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. “ही म्हाताऱ्याला द्या.” मी ती डॅशबोर्डाच्या खणात टाकली आणि विसरलो.

डिकीत आम्ही सरकी पेंडेची दोन पोती टाकली होती. एक तात्यांच्या म्हशीसाठी, पण दोन्ही खरे तर गाडीसाठी. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आदळते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. या फियाटला मागे पाटे आहेत, रिकाम्या गाडीत ते ताठ राहतात. क्विंटलभर वजन पडले आणि गाडीची चाल एकदम मऊ झाली. चाकांतली हवाही मास्तरांनी जराशी कमी केली.

याबाबतीत फ्रान्समधली एक गोष्ट मला नेहमी आवडते. तिथे सित्रोएन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात खास शेतकऱ्यांसाठी छोटी गाडी करायला घेतली. साहेबाने इंजिनिअरांना अट घातली, की दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती ताशी ६० किलोमीटरने चालली पाहिजे, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या रानातून नेली तरी अंडे फुटता कामा नये. मधे महायुद्ध आले, ती ‘टू-सी-व्ही’ गाडी लोकांसमोर आली १९४८ साली. आमची फियाट काही शेतकऱ्यासाठी केलेली नव्हती, पण त्या दिवशी तिला अंड्याच्याच परीक्षेला बसावे लागले.

मिरज सोडली. कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा असा सुमारे दीडशे किलोमीटरचा पल्ला. रस्ता आता रुंद आणि चांगला आहे, पण गावागावातले गतिरोधक कोणाच्या मापाने बांधतात देव जाणे. लांबून गतिरोधक दिसला की मास्तर ओरडायचे, “धरा!” आणि मी भोपळ्याला पोटाशी धरायचा. गाडी दुसऱ्या गिअरवर, एक चाक चढले की थांबत, मग दुसरे. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत. प्रत्येक हिसक्याला तंबोऱ्याच्या तारा आतल्या आत बारीक झणझणत. सुरुवातीला मी दचकत होतो. नंतर लक्षात आले, की तो आवाज येतो आहे म्हणजे सगळे ठीक आहे.

कवठेमहांकाळ ओलांडल्यावर एका चढावर गाडीने दम टाकला. दोन आचके आणि बंद. उन्हे तापली होती. बॉनेट उघडल्याबरोबर मास्तर म्हणाले, पेट्रोलने वाफ धरली. जुन्या फियाटवाल्यांचे हे ठरलेले दुखणे. इंजिन तापले की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुढे थेंब जात नाही. उपायही ठरलेला, पंपावर ओले फडके. माझा पंचा भिजवून त्यावर गुंडाळला. पण तोवर गाडी भर उन्हात उभी, आणि चाचांची ताकीद कानात. आम्ही चारी दारे सताड उघडली. शेजारी द्राक्षबाग होती. बागवान धावत आला. अपघात झाला असे त्याला वाटले. आत डोकावून पाहिले, काही विचारले नाही, गेला आणि बागेवर टाकायची हिरवी शेडनेट घेऊन आला. गाडीच्या टपावरून डाव्या अंगाला ती पसरली. त्या सावलीत आम्ही तिघे अर्धा तास बसलो, आणि साहजिकच बोलणे डाऊनीवर गेले. त्या दिवशी फुकटात त्याला बोर्डो मिश्रणाचे सल्ले मिळाले, मला घडभर द्राक्षे मिळाली. फियाटने एका किकमध्ये सूर धरला.

सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा मागे पडल्या, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हुरड्याला आलेली मालदांडी डुलत होती. माझा उजवा पाय बधिर झाला होता आणि पाठीची घडी मोडेना. मास्तरांनी मात्र दिवसभरात एकदाही चाळीसच्या वर काटा नेला नाही.

गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. देवळापुढे माणसे जमलेली. ज्या क्रमाने तंबोरा आत गेला त्याच्या उलट क्रमाने बाहेर काढला. बुवांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, भेग नाही, ओरखडा नाही. घोडी पेन्सिलीच्या खुणांच्या आतच. मला एकदम हलके वाटले.

तात्या लांब, पायरीवर बसून होते. त्यांना तंबोरा दाखवला. त्यांनी नक्षी पाहिली, तकाकी पाहिली आणि मान हलवली. “ह्यो माजा न्हवं. माजा भोपळा लई साधा.” मी तंबोरा आडवा धरून बूड दाखवले. चाचांनी सगळीकडे लाख चढवली होती, पण बुडाशी त्रिशुळाची खूण तशीच ठेवली होती. तात्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत.

बुवांनी पेटीची काळी एक धरली आणि तारा वर घेतल्या. जोडी मिळाली, खरज मिळाला. मणी सरकवून बारीक फरक काढला, जवारीवर दोरा मागेपुढे केला. दोरा जागेवर आला तसा आवाज उघडला. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत भरून राहिला. पोरेटोरेसुद्धा गप्प. तात्या उठून आले आणि कान भोपळ्याजवळ नेऊन किती तरी वेळ वाकून उभे राहिले. मला वाटले, म्हाताऱ्याचे डोळे भरून आले असतील. ते सरळ झाले आणि मला विचारले,

“सायेब, ह्याच्यातलं बी कुटं गेलं?”

तेव्हा मला पुडी आठवली. धावत जाऊन खण उघडला. चाचांनी भोपळा कोरताना निघालेले बी जपून ठेवले होते. कदाचित तात्यांनीच कधी निरोप धाडला असेल. पुडीत मूठभर बी निघाले.

पण भोपळा उतरवून दोन वर्षे होत आलेली, बी जिवंत आहे की नाही ते पाहणे भाग होते. इथे तरी माझी विद्या उपयोगी पडली. दहा बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायला सांगितल्या. थंडीचे दिवस, म्हणून गुंडाळी चुलीच्या उबेला ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. ज्यांच्याकडे असे जुने घरचे बी असेल त्यांनी पेरण्यापूर्वी हे जरूर करावे. आणखी एक सांगतो. दुधी भोपळा आणि हा तंबोऱ्याचा भोपळा एकाच जातकुळीचे. परसात दुधी असेल तर कीटक इकडचा पराग तिकडे नेतात, आणि पुढच्या वर्षी फळ ना धड दुधी ना धड तंबोरा असे येते. बियाण्यासाठी राखायच्या वेलावर, संध्याकाळी उमलणारी मादी कळी आधीच कागदी पिशवीने झाकावी. उमलल्यावर त्याच जातीच्या नर फुलाचा पराग तिला लावावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. फळ धरले की पिशवी काढून दोऱ्याची खूण करावी.

तात्यांचा मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. नदीकाठची ती पट्टीही उसाखाली घ्यायची असे त्याचे वर्षभर चालले होते, आणि त्याला आधार माझ्याच कागदाचा होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “दोन गुंठं राहू द्या म्हाताऱ्याला. बाकीचा ऊस.” मी म्हटले, दोन गुंठ्यांनी कारखाना काही बंद पडत नाही.

त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तात्यांना ती बातमी मी फोनवर वाचून दाखवली. भोपळ्याचे नाव त्यात आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

पण तो फोन नंतरचा. सप्ताह उरकून आठव्या दिवशी जो फोन आला, तो तात्यांचा होता.

“धापैकी सात आलं, सायेब. तीन ऱ्हायल्यात, त्यास्नी अजून दोन दिस देतो.”